दिवाणखान्याला किती वॅट लागतात?

यंदा लेख मागताना संपादक मंडळाने मला एकच अट घातली : मधुमेहावर नको. गेली काही वर्षे मी स्मरणिकेत त्याच विषयावर लिहीत आलो असल्याने ही अट अन्यायाची आहे असे म्हणवत नाही. म्हणून या खेपेस दवाखान्याबाहेरच्या, परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असलेल्या वा येऊ घातलेल्या एका वस्तूविषयी लिहितो. ती वस्तू म्हणजे संगीत ऐकण्याचा अँप्लिफायर.

इंदूरच्या मराठी घरांत गाणे ऐकण्याची हौस जुनी आहे. अमीर खाँसाहेब या गावचे, कुमारजींचे देवास तासाभराच्या अंतरावर. मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बाहेर गेली, एखादी खोली रिकामी झाली, की जुन्या ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटी माळ्यावरून खाली येतात. मग बुकशेल्फ स्पीकरांची एक जोडी घेतली जाते. पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढ्या, लाकडी खोक्यातल्या, एक वूफर आणि एक ट्वीटर असलेल्या. आणि त्यापाठोपाठ प्रश्न येतो की याला अँप्लिफायर कोणता घ्यावा? पैसे बेताचेच घालायचे आहेत. किती वॅटचा घेऊ?

या प्रश्नाचे उत्तर मी एकेकाळी मोठ्या आत्मविश्वासाने आणि साफ चुकीचे दिले होते. ते स्वतःच्याच घरी दिले, एवढेच बरे.

आमचे वडील, नाना, २०१८ साली एक्क्याऐंशी वर्षांचे होते. खाँसाहेबांचा मारवा ऐकणे हा त्यांचा अनेक वर्षांचा सायंकाळचा परिपाठ. जुने यंत्र थकल्यावर मी चांगल्यापैकी बुकशेल्फ स्पीकर आणले आणि त्यांना जोडण्यासाठी बाजारातून एक छोटा, काळा, हातावर मावणारा अँप्लिफायर घेतला. "डॉक्टरसाब, पूरे हज़ार वॉट है," दुकानदाराने सांगितले, आणि खोक्यावरही तसेच छापले होते. नानांची आरामखुर्ची दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी, स्पीकरांपासून तेरा फुटांवर. दोन दिवस गेले आणि नाना म्हणाले, "आवाज येतो आहे, पण बोल कळत नाहीत. जरा मोठा कर." मी मोठा केला. आठवड्याने आणखी मोठा. दिवाळीच्या फराळाला मंडळी जमली असताना बटण शेवटापर्यंत गेले, आवाज थोडा फाटला, आणि त्यानंतर गाणे कांबळे पांघरल्यासारखे येऊ लागले. तानपुऱ्याची जवारी गेली, तबल्याच्या चाटेची किनार गेली. उजवीकडचा ट्वीटर जळाला होता.

दुरुस्ती करणाऱ्याने निदान केले, "वॉट ज़्यादा हो गए." मला ते पटले. हजार वॅट म्हणजे थोडेथोडके का? प्रत्यक्षात रोग नेमका उलटा होता. वॅट जास्त झाले नव्हते, कमी पडले होते. हे कसे, हे कळण्यासाठी मला थोडे गणित शिकावे लागले. आपण औषधाची मात्रा वजन पाहून ठरवतो, त्याहून ते अवघड नाही, आणि खरेदीपूर्वी दहा मिनिटे खर्चून कोणालाही ते करता येते.

डेसिबलशी आपली ओळख ऑडिओग्रामवरची. तिथले शून्य निरोगी तरुण कानाच्या श्रवणाच्या उंबरठ्याशी बांधलेले असते. ध्वनिमापक यंत्रावरचे डेसिबल मात्र २० मायक्रोपास्कल या ध्वनिदाबापासून मोजतात. आपल्याला येथे दुसरे हवे आहेत. मीटरभर अंतरावरून केलेले साधे संभाषण सुमारे ६० डेसिबल भरते. घरी लक्षपूर्वक गाणे ऐकताना सरासरी पातळी साधारण ७० ते ७५ असते. आता लक्षात ठेवण्याजोग्या दोनच गोष्टी. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, आणि तो फरक कानाला 'जरासा मोठा' एवढाच वाटतो. आवाज 'दुप्पट' वाटायला १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. म्हणजे पन्नास वॅटचा अँप्लिफायर सोडून शंभर वॅटचा घेणाऱ्या माणसाने पैसे बरेच जास्त मोजलेले असतात आणि त्याला मिळालेले असतात अवघे ३ डेसिबल.

दुसरा आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात असतो : संवेदनशीलता. बुकशेल्फ स्पीकरांत ती बहुधा ८४ ते ८८ डेसिबलच्या दरम्यान आढळते. याचा अर्थ २.८३ व्होल्ट दिले असता एक मीटरवर एवढा आवाज. आठ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट. चार ओहमच्या स्पीकरला तेच व्होल्ट म्हणजे दोन वॅट होतात, त्यामुळे अशा स्पीकरचा आकडा कागदावर तीन डेसिबलने अधिक गोंडस दिसतो. माहितीपत्रके वाचताना ही मेख ध्यानात ठेवावी.

समजा संवेदनशीलता ८५ आहे. दोन स्पीकर मिळून ३ वाढले, ८८ झाले. आपण अडीच मीटरवर बसलो आहोत. मोकळ्या मैदानात अंतराने ८ डेसिबल गेले असते. खोलीत भिंती थोडा आवाज परत करतात, म्हणून ५ धरू. उरले ८३. म्हणजे प्रत्येक स्पीकरला अवघा एक वॅट दिला तर आपल्या खुर्चीपाशी ८३ डेसिबल येतात, आणि आपल्याला सरासरी हवे आहेत ७५! ते ०.१६ वॅटमध्ये भागते. परंतु संगीत सरासरीवर चालत नाही. मंद्रातली आलापी संथ चालली असता तबल्यावर एक थाप पडते, एक तान तार षड्जाला जाऊन आदळते. अशी क्षणिक शिखरे सरासरीहून १५ डेसिबल वर सहज जातात, काही मुद्रणांत २०. पंधरा धरली तर शिखराला ९० डेसिबल हवेत, म्हणजे ५ वॅट. वीस धरली तर १६ वॅट. संपला हिशेब. सामान्य खोलीत, सामान्य अंतरावर, सामान्य माणसाला खरे, प्रामाणिक असे तीस-चाळीस वॅट मिळाले की पुरून उरतात.

माझ्या या विधानावर भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. एक उदाहरण देतो. १९७८ साली बाजारात आलेला नॅड ३०२० हा अँप्लिफायर कागदावर केवळ २० वॅटचा होता. स्वस्त आणि दिसायला रूक्ष, तरीही तो प्रचंड खपला आणि त्या काळच्या शौकिनांच्या कौतुकाचा विषय ठरला, कारण त्याचे वीस वॅट खरे होते, क्षणिक शिखरांसाठी त्यात त्याहून बरीच जास्त ताकद राखून ठेवलेली होती, आणि मर्यादा आली तरी तो आवाज एकदम न फाडता हळुवार वळवीत असे.

हे 'खरे वॅट' प्रकरण नीट समजावून घेण्यासारखे आहे, कारण फसवणूक येथेच होते. अमेरिकेत १९७४ पासून व्यापार आयोगाचा नियम आहे की वॅट सांगायचे तर सतत मिळणारे सांगा, आणि कोणत्या स्वरपट्ट्यात, किती विकृतीसह तेही सांगा. २०२४ साली हा नियम अधिक कडक झाला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत येणाऱ्या 'पी.एम.पी.ओ.' या मापाला असा कोणताच मान्य आधार नाही. तो आकडा कारखान्यात मोजला जात नाही, छापखान्यात ठरतो. त्याहून सभ्य परंतु तितकीच दिशाभूल करणारी रीत म्हणजे १० टक्के विकृतीला मोजलेले वॅट सांगणे. दहा टक्के विकृती म्हणजे आवाज उघडउघड फाटलेला. तोच अँप्लिफायर एक टक्क्याच्या आत ठेवला तर वॅट पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही कमी होतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टी.पी.ए. ३११६ ही चिप आज असंख्य स्वस्त अँप्लिफायरांत आहे. ती वाईट मुळीच नाही. पण तिचे प्रसिद्ध '५० वॅट' हे २१ व्होल्ट, ४ ओहम आणि १० टक्के विकृती या तिन्ही अटींसकट आहेत. आठ ओहमच्या स्पीकरला त्यातले जेमतेम निम्मे मिळतात.

खोक्यावर विश्वास नसेल तर अडॅप्टर वाचावा. ही युक्ती मला फार उशिरा सुचली. बाहेरच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या अँप्लिफायरला त्या अडॅप्टरहून जास्त शक्ती सतत देता येणे शक्य नाही. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम दुकानदारालाही लागू आहे. अडॅप्टरवर २४ व्होल्ट, ३ अँपियर लिहिले असेल तर गुणाकार ७२ वॅट. दोन्ही बाजू मिळून, उष्णतेत जाणारे वजा करून, साठ-पासष्टच्या वर सतत काही यायचे नाही, मग खोक्यावर '१००+१००' असो. व्होल्टचा आकडा तर आणखी बोलका आहे. अशा अँप्लिफायरचा आवाज जास्तीत जास्त अडॅप्टरच्या व्होल्टइतकाच उंच झेपावू शकतो. त्या व्होल्टचा वर्ग करावा आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागावे. २४ व्होल्ट आणि ८ ओहमला उत्तर येते ३६ वॅट, हे एका बाजूचे, फाटण्याच्या सीमेवरचे. आमच्या 'हजार वॅट'चा अडॅप्टर १२ व्होल्टचा होता. १४४ भागिले १६ म्हणजे ९ वॅट.

आता ट्वीटरकडे. नानांची खुर्ची चार मीटरवर. अंतराचे ७ डेसिबल वजा केले तर एका वॅटला त्यांच्यापाशी ८१ पोचतात. त्यांना सरासरी ८० च्या आसपास हवे होते आणि नंतर ८६. सरासरी ८० ला शिखरे ९५ ची, म्हणजे २५ वॅट. सरासरी ८६ ला शिखरे १०१ ची, म्हणजे १०० वॅट. आणि अँप्लिफायरच्या अंगात होते नऊ.

अशा वेळी काय होते? शिखर जिथे मर्यादेला लागते तिथे ते सपाट छाटले जाते. यालाच क्लिपिंग म्हणतात. बटण आणखी फिरवले तर शिखरे वाढत नाहीत, ती आधीच छाटली गेली आहेत. पण त्यांच्या खालचे, अधलेमधले सारे वाढत राहते. खर्जाची मोठी शिखरे जागच्या जागी थांबतात आणि वरच्या पट्टीतला आवाज मात्र फुगत जातो, त्यात छाटणीतून उपजलेले नवे, मूळ गाण्यात नसलेले तीव्र स्वर मिसळतात. हे सारे जाते ट्वीटरकडे. ट्वीटरमधले तारेचे वेटोळे केसासारख्या बारीक तारेचे. मोजकेच वॅट सतत पचवण्याची त्याची ताकद. स्पीकरवर '१०० वॅट' लिहिलेले असते ते अखंड स्पीकरचे, संगीतातली शक्ती मुख्यतः खालच्या पट्टीत असते हे गृहीत धरून. ते गृहीतकच मोडले की वेटोळे तापते आणि तुटते. क्लिपिंगमुळे 'डी.सी.' वाहू लागतो आणि ट्वीटर जळतो, असे एक स्पष्टीकरण दुकानांत ऐकू येते. ते बरोबर नाही. बहुतेक स्पीकरांत ट्वीटरच्या वाटेवर कपॅसिटर असतो आणि तो डी.सी. अडवतो. याचा अर्थ मोठ्या अँप्लिफायरने ट्वीटर जळत नाही असा नव्हे. बेताल वाजवला तर तोही जाळेलच. परंतु लहान अँप्लिफायर सुरक्षित असतो हा समज सोडून द्यावा. आवाज फाटू लागला की बटण मागे घ्यावे, हाच काय तो उपचार.

खरेदीला निघताना आणखी एक गोष्ट ठरवून जावी. निव्वळ पॉवर अँप्लिफायर हवा की इंटिग्रेटेड? पॉवर अँप्लिफायर हे केवळ स्नायू. त्याला आवाजाचे बटण असेलच असे नाही. मागे डॅक किंवा प्रीअँप हवा, ज्यावर आवाज कमी-जास्त करता येईल. पॉवर अँप्लिफायर आलेल्या व्होल्टना साधारण वीसपट करतो. एक व्होल्ट आत गेला तर वीस बाहेर येतात, आणि आठ ओहमवर वीस व्होल्ट म्हणजे ५० वॅट. सी.डी. प्लेअर सुमारे दोन व्होल्ट देतो, त्याला चिंता नाही. मोबाइलची सामान्य जॅक बरेचदा एका व्होल्टच्या आतबाहेर असते, म्हणून मोबाइलवरून वाजवताना 'अँप्लिफायर दुबळा' असा खोटा निष्कर्ष निघू शकतो. रेकॉर्ड प्लेअरच्या पिनेतून तर काही मिलिव्होल्टच येतात आणि त्यांचा खर्ज मुद्दाम दबलेला असतो. त्याला फोनो विभाग लागतो, आणि तो पॉवर अँप्लिफायरमध्ये नसतो. ज्यांना हे सारे तुकडे जोडत बसण्याची हौस नाही त्यांनी सरळ इंटिग्रेटेड घ्यावा. माझे मत विचाराल तर आपल्या वयाच्या शंभरातल्या नव्वदांनी.

ए.बी. वर्गाचा, ट्रान्सफॉर्मर आणि हीट सिंक असलेला, दहा किलोचा पारंपरिक अँप्लिफायर की डी वर्गाचा, पुडक्याएवढा नवा? यावर शौकिनांत घरे फुटल्याची उदाहरणे आहेत. डी वर्गाचे आरंभीचे अँप्लिफायर खरोखरच बेताचे होते. २००५ च्या सुमारास ट्रायपाथ या कंपनीच्या चिपवर चालणारा, बॅटरीवरचा एक प्लॅस्टिकचा टी-अँप आला आणि इतक्या स्वस्तात इतका स्वच्छ आवाज ऐकून मोठमोठे लोक चकित झाले. ती कंपनी पुढे बुडाली, पण रस्ता मोकळा झाला. आज फोसी, आयमा यांसारख्या चिनी कंपन्यांचे डी वर्गाचे अँप्लिफायर मोजमापांत पूर्वीच्या कितीतरी महाग यंत्रांच्या बरोबरीने बसतात. त्यांतल्या साध्या रचनेत एक उणीव असते : अगदी वरच्या पट्टीतला आवाज स्पीकरच्या ओहमप्रमाणे थोडा वरखाली होतो. तो फरक मुख्यतः १० किलोहर्ट्झच्या पुढचा. साठीनंतर त्यावर वाद घालणाऱ्याने आधी आपला ऑडिओग्राम सोबत आणावा.

डी वर्गाबाबत खरी सावधगिरी निराळी आहे. यातल्या बहुतेकांच्या स्पीकरच्या दोन्ही टोकांत, तांबड्या आणि काळ्या, संदेश असतो. काळे टोक म्हणजे 'अर्थ' नव्हे. डाव्या-उजव्या स्पीकरची काळी टोके एकत्र जोडली की अँप्लिफायर गेला. जुन्या घरांत भिंतीतून तीनच तारा नेलेल्या आढळतात, तिथे हा अपघात ठरलेला. आणि ए.बी. वर्ग घेतलात तर त्याच्या डोक्यावर चार-सहा इंच मोकळी जागा ठेवा. त्यावर क्रोशाचे आच्छादन आणि आच्छादनावर फुलदाणी हा आपल्याकडचा गृहालंकार त्या यंत्राला तापवून मारतो.

जुना, वापरलेला, चांगल्या कंपनीचा अँप्लिफायर हाही उत्तम मार्ग आहे, पण घेण्यापूर्वी साधा मल्टिमीटर लावून पाहावा. काहीही वाजत नसताना स्पीकरच्या दोन टोकांत डी.सी. ५० मिलिव्होल्टच्या आत असावा; शंभराच्या वर गेला तर नमस्कार करून निघावे. बटण फिरवताना खरखर येते ती बहुधा धुळीची, साफ करून जाते. सतत येणारी पन्नास-शंभर हर्ट्झची गुणगुण कपॅसिटर वाळल्याची असू शकते किंवा दोन यंत्रांच्या अर्थिंगमध्ये फेरा पडल्याची. ती घालवण्यासाठी तीन पिनांतली मोठी पिन काढून टाकण्याचा इलाज कोणी सुचवला तर तो करू नये. गुणगुणीने कोणी दगावत नाही.

तारांचे एका वाक्यात : दीड चौरस मिलिमीटरची घरगुती तांब्याची तार पाच मीटरपर्यंत पुरते, तिचा जाता-येता मिळून रोध ०.१२ ओहमच्या आसपास भरतो, आणि महाग तारेने जे सुधारते ते मुख्यत्वे विक्रेत्याचे.

दोन अँप्लिफायर ऐकून निवड करायची असेल तर आपण डॉक्टर मंडळींनी तरी चाचणी अंध ठेवावी. दोहोंतला जो अर्धा डेसिबल मोठा वाजतो तो 'अधिक मोकळा, अधिक जिवंत' वाटतो. मोठा आहे हे कळतही नाही. चतुर विक्रेता नेमके हेच करतो. मल्टिमीटरने दोहोंची पातळी ०.२ डेसिबलच्या आत जुळवली, कोणता वाजतो आहे हे लपवले, की क्षमतेच्या आत वाजणाऱ्या दोन सुबक अँप्लिफायरांतला फरक बहुधा नाहीसा होतो. स्पीकरांतला फरक मात्र कितीही अंध चाचणी केली तरी उरतो. म्हणून बजेटचा मोठा वाटा स्पीकरांना द्यावा.

नानांच्या गोष्टीचा उत्तरार्ध राहिला. ट्वीटर बदलला, आणि हा सारा हिशेब शिकून मी शंभर खऱ्या वॅटचा इंटिग्रेटेड अँप्लिफायर आणला. आवाज आता फाटत नव्हता. पहिल्या संध्याकाळी मी नानांकडे पाहिले. ते म्हणाले, "मोठा आहे. पण बोल अजून कळत नाहीत." आणि थोड्या वेळाने, तान चढल्यावर, "अरे, कानाला लागतो, कमी कर."

हे दोन वाक्य एकाच रुग्णाने एकाच बैठकीत म्हटले असता कोणत्याही कनिष्ठ निवासी डॉक्टरने निदान केले असते. मला वडील असल्यामुळे की काय, वर्षभर सुचले नव्हते. कान-नाक-घसा पाहणाऱ्या मित्राकडे नेले. दोन्ही कानांत वयोमानाचा, उतरता ऱ्हास : ५०० हर्ट्झला ३० डेसिबल, ४००० ला ७०. स्वर खालच्या पट्टीत, व्यंजने वरच्या. बटण फिरवले की स्वर आणखी मोठे होतात आणि व्यंजनांना झाकून टाकतात. शिवाय अशा कानात ऐकू येण्याचा उंबरठा वर चढतो, पण असह्य होण्याची मर्यादा होती तिथेच राहते. मात्रा आणि विषबाधा यांमधली फटच अरुंद झालेली. तिथे वॅट ओतून काय साधणार? मी वर्षभर चुकीच्या यंत्रावर उपचार करीत होतो.

आणि उरलेल्या आम्हांलाही हा हिशेब लागू आहेच. ८५ डेसिबलला रोज आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, ही व्यावसायिक श्रवणसुरक्षेची अमेरिकी शिफारस; जागतिक आरोग्य संघटना तर आठवड्याला चाळीस तास ऐकणाऱ्यासाठी ८० च धरते. ज्या सरासरी पातळीवर शंभर वॅट लागतात तिथे कोणीही सायंकाळ काढू नये.

नानांना श्रवणयंत्रे बसली. संगीतासाठी त्यांत वेगळा प्रोग्राम करून घ्यावा लागला, कारण बोलण्यासाठी जुळवलेले यंत्र तानपुऱ्याच्या अखंड षड्जाला स्वतःची शिटी समजून दाबू पाहते. हे आपल्या रुग्णांनाही सांगण्याजोगे आहे, ते आपणहून विचारत नाहीत. दुसरा बदल फुकटचा होता. आरामखुर्ची चार मीटरवरून दोन मीटरवर आणली. अंतराचे ३ डेसिबल परत मिळाले, म्हणजे दुप्पट वॅटचे काम झाले, आणि भिंतींवरून येणाऱ्या प्रतिध्वनीच्या तुलनेत थेट येणारा आवाज वाढल्याने बोल अधिक स्पष्ट झाले. खुर्ची खिडकीपासून हलवायला नाना तयार नव्हते. शेवटी खिडकीच्या बाजूला स्पीकर नेले.

परवा त्यांच्या खुर्चीपाशी ध्वनिमापक धरून पाहिला. सरासरी ७२ डेसिबल. वरच्या हिशेबाने ते प्रत्येक स्पीकरला एका वॅटच्या सोळाव्या भागात बसते. हे मी नानांना सांगितले तेव्हा त्यांनी बाकीचे नव्याण्णव वॅट पंख्याला जोडून देता येतील का, असे विचारले.